पावसाचा दिवस साडेआठला उजाडतो: नोंदी वेळेच्या कप्प्यांत बसवताना

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. कोकणातल्या एका खोऱ्यात तुमचे बारा स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. त्यातल्या काहींमध्ये अर्धा मिलिमीटर पाणी साठलं की छोटं पात्र कलंडतं आणि त्या क्षणाची एक नोंद होते. बाकीचे लॉगर (नोंदी साठवून पाठवणारी यंत्रं) दर पंधरा मिनिटांनी त्या पाव तासाचा एकूण पाऊस पाठवतात. सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जमा होतं. अडचणी तीन. रोजची बेरीज गावातल्या हाती मोजण्याच्या पर्जन्यमापकाशी जुळत नाही. पंधरा मिनिटांच्या आलेखात कोरडे पाव तास दिसतच नाहीत, त्यामुळे सरासरी फुगते. आणि ‘एका तासात सर्वाधिक किती पडला’ आणि ‘पावसाच्या झडी किती आल्या’ हे दोन आकडे कसे काढायचे ते उमगत नाही. तुम्ही विचारलंय की यासाठी कुठलं फंक्शन वापरावं.

फंक्शन सांगतेच, पण बेरीज न जुळण्याचं कारण फंक्शनात नाही. कप्पा, म्हणजे ज्या ठरावीक कालावधीच्या नोंदी एकत्र मोजायच्या तो तुकडा, कुठे सुरू होतो, त्याच्या काठावरची नोंद कोणाची आणि रिकामा कप्पा म्हणजे काय, ही तीन उत्तरं आधी कागदावर लिहून ठेवावी लागतात. ती ठरली नसतील तर डेटाबेस स्वतःच्या सवयीप्रमाणे ठरवतो, आणि त्याच्या सवयी पावसासाठी बनलेल्या नाहीत.

सुरुवात दिवसापासून करू. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार बरोबर तीन वाजता. आणि त्या चोवीस तासांवर तारीख पडते ती संपतानाची. मुंबईचा २००५ चा महापूर आपण सगळे २६ जुलैचा म्हणून ओळखतो, पण सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा आहे २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा, आणि हवामान विभागाच्या दैनंदिन नोंदीत तो २७ तारखेसमोर बसतो. तुम्ही डेट_ट्रंकने (वेळ खालच्या पूर्ण तासावर किंवा दिवसावर आणणारं फंक्शन) ‘दिवस’ असा कप्पा काढलात तर तुमचा दिवस मध्यरात्रीचा होतो. हाती मोजणारा माणूस सकाळी साडेआठला मोजतो. रात्रभर पाऊस पडला असेल तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त ते एकाच दिवसाचे नसतात.

यावरचा सरळ उपाय डेट_बिन. पोस्टग्रेसच्या चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये, हे फंक्शन आलं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: कप्प्याची लांबी, नोंदीची वेळ आणि आरंभबिंदू. आरंभबिंदू म्हणून कुठल्याही जुन्या तारखेची सकाळची साडेआठची वेळ, +०५:३० असा फरक स्पष्ट लिहून, द्यायची. लांबी एक दिवस ठेवली की प्रत्येक नोंद साडेआठ ते साडेआठच्या कप्प्यात पडते. फंक्शन उत्तर देतं ते कप्प्याच्या सुरुवातीची वेळ, म्हणून ती भारतीय वेळेत आणून तिच्या तारखेत एक दिवस मिळवायचा. तोच तुमचा हवामान विभागाशी जुळणारा दिवस. हा ‘एक दिवस मिळवायचा’ भाग विसरल्यामुळे वर्षभराचा आलेख एका दिवसाने सरकलेला मी अनेकदा पाहिला आहे. चुकीचा वाटत नाही, म्हणून तो सापडतही नाही.

तुमची आवृत्ती चौदाच्या आधीची असेल तरी अडत नाही. वेळेचे १९७० पासूनचे सेकंद काढायचे, ९०० ने भागून खालच्या पूर्णांकावर आणायचे, पुन्हा ९०० ने गुणायचं आणि परत वेळेत रूपांतर करायचं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्येही हाच मार्ग चालतो. एसक्यूएल सर्व्हरच्या २०२२ च्या आवृत्तीत डेट_बकेट नावाचं तयार फंक्शन आहे. डेट_ट्रंक मात्र पंधरा मिनिटं जाणतच नाही. त्याला मिनिट, तास, दिवस, आठवडा असे ठरलेलेच शब्द समजतात. उलट डेट_बिनला महिना किंवा वर्ष ही लांबी चालत नाही, कारण महिना ठरावीक लांबीचा नसतो. महिन्यासाठी डेट_ट्रंक, पंधरा मिनिटांसाठी डेट_बिन, अशी वाटणी करून टाका.

आता टाइम झोन. इथे आपल्या साडेपाच तासांमुळे एक खास घोटाळा होतो. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. त्याला ९०० ने पूर्ण भाग जातो, १,८०० ने जातो, पण ३,६०० ने जात नाही. म्हणून सर्व्हर जागतिक वेळेवर असला तरी पंधरा आणि तीस मिनिटांचे कप्पे आपल्या घड्याळाशी तंतोतंत जुळतात, आणि एक तासाचा कप्पा मात्र आपल्या अर्ध्या तासावर कापला जातो: ५:३० ते ६:३०, ६:३० ते ७:३०. डेट_ट्रंक सत्राच्या, म्हणजे डेटाबेसशी केलेल्या त्या वेळच्या जोडणीच्या, टाइम झोनप्रमाणे वागतं, त्यामुळे तीच क्वेरी तुमच्या लॅपटॉपवर एक उत्तर देते आणि क्लाउडवरच्या सर्व्हरवर दुसरं. बाराव्या आवृत्तीपासून डेट_ट्रंकला तिसरा घटक म्हणून ‘एशिया/कोलकाता’ देता येतो. तो प्रत्येक वेळी द्या, सत्राच्या सेटिंगवर विसंबू नका. पावसाच्या बाबतीत गंमत अशी की साडेआठला सुरू होणाऱ्या दिवसाचे तास जागतिक वेळेच्या पूर्ण तासांवरच पडतात. म्हणजे इथे ‘वाकडे’ तासच योग्य आहेत. पण ते ठरवून निवडलेले असावेत, आपोआप झालेले नसावेत.

कॉलम टाइम झोनसहित प्रकारातलाच ठेवा. त्यात झोन साठवला जात नाही, फक्त नेमका क्षण साठवला जातो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. खरा धोका नोंदी आत येतानाच असतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात लॉगरची घड्याळं भारतीय वेळेवर होती आणि फायलीत झोन लिहिलेला नव्हता. आम्ही त्या जागतिक वेळ समजून भरल्या. आकडे, बेरजा, आलेख सगळं व्यवस्थित दिसत होतं. मे महिन्याचा आलेख पाहून पर्जन्यमापकाची देखभाल करणारे काका म्हणाले, “ताई, वळीव रात्री साडेदहाला कधीपासून यायला लागला?” संध्याकाळी पाचचा पाऊस साडेपाच तास पुढे सरकला होता. तेव्हापासून कुठलाही नवा डेटा आला की मी आधी दिवसातल्या तासांप्रमाणे त्याची बेरीज करून बघते. वळवाची वेळ चुकीची दिसली तर पुढचं काही करत नाही.

तुमच्या पहिल्या तक्रारीचं दुसरं कारण काठावर आहे, आणि माझा अंदाज आहे की तुमच्याकडे मुख्य दोष हाच असावा. पात्र कलंडल्याची नोंद एका क्षणाची असते. पण पंधरा मिनिटांची बेरीज पाठवणारे लॉगर त्या बेरजेवर बहुधा पाव तास संपल्याची वेळ टाकतात. ८:३० अशी नोंद म्हणजे ८:१५ ते ८:३० मधला पाऊस. डेट_बिन मात्र कप्प्याची सुरुवात आत धरतं आणि शेवट बाहेर ठेवतं, म्हणून ८:३० ची नोंद ते पुढच्या कप्प्यात टाकतं. पंधरा मिनिटांच्या आलेखात याने सगळं एक घर सरकतं आणि कोणाला कळत नाही. दिवसाच्या बेरजेत मात्र सकाळचा शेवटचा पाव तास उद्याच्या खात्यात जातो. आषाढात सकाळी सव्वाआठला मुसळधार चालू असेल तर हा फरक वीस-पंचवीस मिलिमीटरचाही होऊ शकतो.

उपाय सोपा आहे. अशा लॉगरच्या नोंदी भरतानाच वेळेतून पंधरा मिनिटं वजा करा, म्हणजे प्रत्येक नोंद आपल्या पाव तासाच्या सुरुवातीच्या वेळेवर बसेल. कुठला लॉगर शेवटाची वेळ देतो आणि कुठला सुरुवातीची, हे केंद्रांच्या टेबलात एका कॉलममध्ये लिहून ठेवा. क्वेरीत जागोजागी वजाबाकी करत बसलात तर एखाद्या ठिकाणी राहून जाईल.

याच जातीचा दुसरा दोष ‘अमुक ते तमुक’ अशी अट लिहिण्याच्या बिटवीनचा. ते दोन्ही टोकं आत धरतं. दिवसामागून दिवस बिटवीनने काढलात तर बरोबर साडेआठची नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाते. ‘सुरुवातीपासून किंवा नंतर, आणि शेवटाच्या आधी’ अशा दोन तुलनाच लिहायच्या. आणि त्या मूळ वेळेच्या कॉलमवर लिहायच्या, डेट_ट्रंकच्या उत्तरावर नाही, नाहीतर वेळेवरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) उपयोगी पडत नाही आणि संपूर्ण टेबल वाचलं जातं.

आता रिकामे कप्पे. ग्रुप बाय फक्त असलेल्या नोंदींचे गट करतो. ज्या पाव तासात पात्र कलंडलंच नाही त्याची ओळ कुठून येणार? म्हणून आधी कप्प्यांची पूर्ण पट्टी तयार करायची. जनरेट_सिरीजला सुरुवात, शेवट आणि पंधरा मिनिटांची पायरी दिली की ती मिळते. शेवटचं टोक त्यात आत धरलेलं असतं, तेव्हा शेवट एक पायरी अलीकडे द्या, नाहीतर ९६ ऐवजी ९७ कप्पे येतील. ही पट्टी बारा केंद्रांशी क्रॉस जॉइन करायची, म्हणजे प्रत्येक केंद्राला प्रत्येक कप्पा मिळेल, आणि मग आधीच गट करून ठेवलेल्या बेरजा लेफ्ट जॉइनने जोडायच्या, म्हणजे बेरीज नसलेली पट्टीतली ओळही राहील. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. उजवीकडच्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये लिहिली तर रिकाम्या ओळी पुन्हा गळतात; ती अट जॉइनच्या ऑनमध्येच हवी. आणि आधी गट न करता जोडून मग काउंट(*) केलं तर रिकाम्या कप्प्यातही एक मोजला जातो, कारण ओळ तर आहेच. उजवीकडच्या एखाद्या कॉलमचं काउंट करा, मग शून्य येईल.

पण कोअलेस (रिकाम्या जागी दिलेली किंमत भरणारं फंक्शन) लावून सगळ्या रिकाम्या कप्प्यांत शून्य भरण्याआधी थांबा. पाऊस पडला नाही हे एक, आणि यंत्र बंद होतं हे दुसरं. पात्र कलंडल्याच्या नोंदींवरून हा फरक कधीच कळत नाही, कारण दोन्ही वेळी शांतताच असते. तुमचे लॉगर बॅटरीचा व्होल्टेज किंवा ‘मी चालू आहे’ अशी नोंद पाठवत असतील तर ती वेगळ्या टेबलात ठेवा आणि तिचेही तेच कप्पे करा. कप्प्यात अशी एकही नोंद नसेल तर पाऊस ‘माहीत नाही’, म्हणजे नल. नोंद असेल आणि पात्र कलंडलं नसेल तर शून्य. दिवसाच्या बेरजेसोबत ९६ पैकी किती कप्पे खरोखर माहीत होते तो आकडाही द्या. ज्या दिवशी पाऊस सर्वात जास्त असतो त्याच दिवशी वीज आणि नेटवर्क जातं. तिथे शून्य भरलं तर आपण नेमका पुराचा दिवस कोरडा दाखवतो. नरसाळ्यात पानं अडकून यंत्र चालू असूनही पाऊस न मोजणं हा प्रकार मात्र कुठल्याच क्वेरीने एका केंद्रावर पकडता येत नाही. त्यासाठी शेजारच्या केंद्राशी दिवसाची बेरीज ताडून बघावी लागते.

एका तासातला सर्वाधिक पाऊस हा तुमच्या प्रश्नाचा मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग, कारण याच आकड्यावर नाल्याची रुंदी आणि पुलाची उंची ठरते. एका ठिकाणी तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. समजा दोनच्या तासात ६२ आणि तीनच्या तासात ४८ मिलिमीटर पडला. घड्याळी कप्प्यांत बघितलं तर दोन्ही तास जोरदार, पण ढगफुटी नाही. पण खरा जोर २:२० ते ३:२० मध्ये होता आणि त्या साठ मिनिटांत १०४ मिलिमीटर झाला. पाऊस आपल्या घड्याळाला विचारून पडत नाही. ठरावीक कप्प्यांतून काढलेला कमाल आकडा खऱ्यापेक्षा कमीच किंवा फार तर तेवढाच येतो. म्हणूनच जलविज्ञानात दिवसातून एकदा मोजलेल्या पावसाच्या कमाल आकड्याला सुमारे १.१३ ने गुणण्याची जुनी पद्धत आहे. तुमच्याकडे बारीक नोंदी असताना असा अंदाजी गुणक वापरायची गरज नाही.

इथे कप्पे नकोत, सरकती खिडकी हवी. प्रत्येक नोंदीपाशी उभं राहून मागच्या साठ मिनिटांची बेरीज करायची. पोस्टग्रेसच्या अकराव्या आवृत्तीपासून सम(मिमी) ओव्हरच्या कंसात पार्टिशन बाय केंद्र, ऑर्डर बाय वेळ आणि पुढे रेंज बिटवीन इंटरव्हल ‘६० मिनिटं’ प्रिसीडिंग अँड करंट रो असं लिहिता येतं. रेंजच्या जागी ‘रोज’ (ROWS) लिहू नका. ROWS ओळी मोजतं, वेळ मोजत नाही. ‘मागच्या तीन ओळी’ म्हणजे ‘मागची पंचेचाळीस मिनिटं’ हे समीकरण एकही ओळ गळलेली नसेल तरच खरं. रेंजमध्ये दोन्ही टोकं आत धरली जातात, त्यामुळे बरोबर साठ मिनिटांपूर्वीचं कलंडणंही मोजलं जातं; काटेकोर हवं असेल तर एक सेकंद कमी द्या. पंधरा मिनिटांच्या बेरजा देणाऱ्या केंद्रांवर मात्र ‘४५ मिनिटं’ लिहायचं, कारण चालू ओळीत तिचा स्वतःचा पाव तास आहेच. तिथे ६० लिहिलं तर पाच कप्पे मोजले जातात, म्हणजे सव्वा तासाचा पाऊस तासाच्या नावावर लागतो. ही चूक मी तपासणीला आलेल्या अहवालांत सर्वात जास्त वेळा पाहिली आहे.

पार्टिशनमध्ये दिवस घालू नका. साडेआठला खिडकी तोडली तर पहाटेपासून चाललेल्या पावसाचा जोर दोन तुकड्यांत वाटला जातो. आधी बेरीज करा, मग ती ज्या दिवशी संपली तो दिवस तिला द्या. प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक दिवसाची कमाल ओळ वेळेसकट हवी असेल तर डिस्टिंक्ट ऑन (प्रत्येक गटातली फक्त पहिली ओळ ठेवणारा) आणि बेरजेचा उतरता क्रम पुरेसा आहे. एसक्यूएल सर्व्हरवर रेंजला अशी मिनिटं देता येत नाहीत. तिथे आधी पट्टी पूर्ण भरून ROWS वापरावं लागतं.

राहिल्या झडी. झडीची लांबी आधी ठरलेली नसते, ती उघडीप ठरवते. किती वेळ कोरडा गेला म्हणजे झड संपली, हे तुम्ही सांगायचं. सहा तास हा बऱ्याच अभ्यासांत वापरला जाणारा आकडा आहे. कोकणात जुलैमध्ये मात्र सहा तासांची उघडीप आठवडाभरही मिळत नाही आणि सगळा आठवडा एकच झड होऊन बसतो. तुमचा हेतू ओढ्याला येणाऱ्या पुराचा असेल तर दोन किंवा तीन तास घेऊन बघा, आणि ओढ्याचं पाणी ओसरायला किती वेळ लागतो त्याच्याशी तो आकडा ताडून घ्या.

क्वेरी तीन पायऱ्यांत लिहा. पाऊस शून्यापेक्षा जास्त असलेल्या नोंदीच घ्या. पहिल्या पायरीत लॅगने त्याच केंद्राची आधीची वेळ शेजारी आणा. दुसऱ्या पायरीत दोन वेळांतलं अंतर उघडिपीपेक्षा जास्त असेल, किंवा आधीची नोंदच नसेल, तर १, नाहीतर ०. या एक-शून्यांची वेळेच्या क्रमाने चढती बेरीज केली की प्रत्येक ओळीला झडीचा क्रमांक मिळतो. तिसऱ्या पायरीत केंद्र आणि झड क्रमांकावर ग्रुप बाय करा: पहिली वेळ, शेवटची वेळ, एकूण पाऊस. विंडो फंक्शनच्या आत विंडो फंक्शन लिहिता येत नाही आणि व्हेअरमध्येही वापरता येत नाही, म्हणून विथ वापरून पायऱ्या वेगळ्या कराव्याच लागतात. क्वेरीला तारखेची मर्यादा घालाल तेव्हा पहिली झड अर्धवट कापली जाते. मोसमाच्या सुरुवातीपासून झडी काढा आणि हव्या त्या तारखा शेवटच्या पायरीत गाळा.

तुम्ही टाइमस्केल (वेळेच्या नोंदींसाठी पोस्टग्रेसला जोडायचा भाग) घालावं का असंही विचारलं आहे. बारा केंद्रं, रोजचे ९६ कप्पे, जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, म्हणजे एका मोसमाच्या १,४०,५४४ ओळी. साधं पोस्टग्रेस केंद्र आणि वेळेवरच्या एका इंडेक्सनिशी हे सहज पेलतं. केंद्रं शेकड्यांनी झाली तर बघू.

कृषी विभागाला आठवड्याचे आकडे द्यायचे असतील तर डेट_ट्रंकचा सोमवारी सुरू होणारा आठवडा वापरू नका. हवामानाचे प्रमाण आठवडे १ जानेवारीपासून मोजतात, वर्षात ५२ असतात, बावन्नावा आठ दिवसांचा असतो आणि लीप वर्षी नववाही. हे सूत्रात बसवत बसण्यापेक्षा तारीख आणि आठवडा क्रमांक यांचं एक कॅलेंडर टेबल करा आणि त्याला जोडा.

उशिरा येणाऱ्या नोंदींचंही बघा. नेटवर्क परत आलं की लॉगर साठवलेलं सगळं एकदम पाठवतो. कप्प्यांच्या बेरजा तुम्ही वेगळ्या टेबलात ठेवत असाल तर दर वेळी मागचे काही दिवस पुन्हा काढून ऑन कॉन्फ्लिक्टने (ओळ आधीच असेल तर ती बदलण्याची सोय) बदला. किती दिवस, हे तुमच्याकडचं नेटवर्क सर्वात जास्त किती काळ बंद राहिलं त्यावरून ठरवा.

उद्या सुरुवात करताना एकच केंद्र घ्या, जिथे शेजारी हाती मोजण्याचा पर्जन्यमापक आहे. सकाळी आठच्या सुमारास जोरात पाऊस चालू होता, पण आदल्या सकाळी त्या वेळी नव्हता, असा एक दिवस शोधा. आदल्या सकाळी साडेआठपासूनचे ९६ कप्पे जोडून बेरीज करा आणि वहीतल्या आकड्याशेजारी लिहा. फरक बरोबर शेवटच्या पाव तासाएवढा निघाला तर तुमच्या लॉगरची वेळ शेवटाची आहे.